40 लिटरमध्ये बाग: दुष्काळी उन्हाळ्यात घरची झाडं जगवण्याची रीत

एप्रिल 2016. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायला लागली होती. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्या 10 वाघिणींत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. शहराची वस्ती 4-5 लाखांच्या घरात, म्हणजे माणशी जेमतेम लिटरभर. अशा दिवसांत कुंडीत पाणी घालताना शेजारणीची नजर चुकवावी लागायची.

आमच्याकडे तेव्हा अंगणात एक लिंबू, एक शेवगा, एक कढीपत्ता आणि गच्चीवर तीसेक कुंड्या. मी ठरवलं, कुणावर अन्याय नको. रोज प्रत्येकीला एक छोटा तांब्या. मे संपेस्तोवर बावीस कुंड्या गेल्या. सासूबाईंनी वाळकी रोपं उपटता उपटता एकच वाक्य ऐकवलं, "अगं, सगळ्यांना घोट घोट पाजलंस, म्हणून सगळीच तहानेनं गेली."

दुष्काळातल्या बागेचं सगळं शास्त्र त्या वाक्यात आहे. रोजचं थोडं थोडं पाणी वरच्या दोन बोटं मातीत मुरतं आणि दुपारच्या आत उडून जातं, मुळांपर्यंत पोचतच नाही. उलट ओल वरवरच राहते म्हणून मुळंही वरच पसरतात आणि पहिल्या कडक उन्हात भाजतात. तेवढंच पाणी कमी झाडांना, खोलवर आणि झाकलेल्या मातीत दिलं, तर ती जगतात. आता आमचे उन्हाळे कसे निघतात ते क्रमानं सांगते.

आधी मोजा

तीन दिवस एक रिकामी बादली मोरीत ठेवा. भाजी-तांदूळ-डाळ धुतलेलं, फळं धुतलेलं, पाण्याच्या बाटल्यांतलं शिळं, असं साबण न लागलेलं सगळं पाणी तिच्यात ओता आणि रात्री माप बघून लिहून ठेवा. चौघांच्या घरात यातून 10-12 लिटर सहज निघतं. पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र असेल तर त्याच्या टाकाऊ नळीखाली वेगळी बादली लावा. 1 लिटर पिण्याच्या पाण्यामागे 2 ते 3 लिटर पाणी ही यंत्रं बाहेर टाकतात. म्हणजे दिवसाला 10 लिटर प्यायला-स्वयंपाकाला काढलं की 20-30 लिटर मोरीत चाललेलं असतं. आमच्याकडे सगळं मिळून 40 लिटर भरलं. तोपर्यंत मी "पाणीच नाही" म्हणून रडत होते.

आता मागणी बघू. 12 इंची कुंडीला एका वेळी लिटर-सव्वा लिटर लागतं आणि माती झाकलेली असेल तर ते तिसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं. अशा 30 कुंड्यांना तीन दिवसांत 30-38 लिटर, म्हणजे रोजचं 10-13. उरलेलं अंगणातल्या झाडांना. हिशेब कागदावर मांडला की निम्मी भीती जाते. बसत नसेल तर पुढची पायरी टाळता येणार नाही.

कुणाला जगवायचं ते ठरवा

हे फेब्रुवारीतच करावं, मे महिन्यात डोळ्यांत पाणी आणून करू नये.

माझा नियम एवढाच, जे झाड परत उभं करायला जास्त वर्षं लागतात ते आधी. कोथिंबीर महिना-दीड महिन्यात पुन्हा येते, लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षं जातात. त्यामुळे लिंबू, पेरू, आंब्याची लहान कलमं, कढीपत्ता यांना पहिला मान. पाच वर्षांच्या आतलं फळझाड असेल तर त्याला सगळ्यात वर ठेवा, त्याची मुळं अजून खोल गेलेली नसतात. जुना शेवगा, कडुनिंब, बोगनवेल, कण्हेर, अडुळसा ही मंडळी जमिनीत असतील तर आपलं आपण बघून घेतात. बोगनवेल तर पाणी तोडलं की जास्त फुलते. कोरफडीला उगीच लाड करून कुजवू नका.

मोगऱ्याचं मात्र अवघड आहे. ऐन उन्हाळ्यात फुलतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात पितो. मी दोनच कुंड्या ठेवते आणि त्यांच्या वाटणीचं पाणी पालक-मेथीकडून काढून घेते. पालेभाजी, हंगामी फुलं आणि हिरवळ यांना मार्चनंतर रजा. हिरवळीबद्दल मला जरा जास्तच राग आहे, तो इथे आवरते.

गुलाब, जास्वंद मधल्या रांगेत येतात. त्यांच्या कळ्या खुडा, सुकलेल्या आणि आत गर्दी करणाऱ्या बारीक फांद्या काढा. फुलं कमी येतील, पण झाड वाचेल.

माती झाका

सगळी कामं सोडून एकच करणार असाल, तर हे करा. 42 अंशांच्या उन्हात उघडी माती हात लावून बघा, मग सांगायची गरज उरत नाही.

आच्छादनाला आपल्या भागात जे फुकट मिळतं तेच चांगलं. लातूर-धाराशिवकडे सोयाबीनचं भुसकट मिळतं, उसाच्या पट्ट्यात पाचट, कोकणात नारळाच्या सोडणांचा काथ्या आणि भाताचा पेंढा. काहीच नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात. सकाळी रस्ता झाडणाऱ्या मावशींकडून दोन पोती मागून घेतली की उन्हाळा निघतो. मावशींना चहा द्यायला विसरू नका.

आधी माती खुरप्यानं वरवर हलवा. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर त्या बुजवणं फार महत्त्वाचं, कारण भेगेतून खालची ओल वर उडते आणि वरून घातलेलं पाणी त्याच भेगेतून मुळांना न भेटता खाली निघून जातं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं शेतकरी म्हणतात, ते कुंडीलाही लागू आहे. मग भरपूर पाणी द्या आणि ओल्या मातीवर आच्छादन घाला. कोरड्या मातीवर घातलं तर वरून दिलेलं थोडं पाणी ते भुसकटच पिऊन बसतं. थर कुंडीत दोन-तीन बोटं, जमिनीवर चार बोटं. भुसकट हलकं असतं, एका वावटळीत शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातं, म्हणून त्यावर तुराट्यांचे चार तुकडे आडवे ठेवा.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मी लिंबाच्या बुंध्याला अगदी चिकटवून पाचट रचलं होतं. महिन्याभरानं बाजूला केलं तर बुंध्यावर मातीचे बारीक बोगदे आणि खालची साल वाळवीनं कुरतडलेली. झाड वाचलं, पण वर्षभर रुसलं. तेव्हापासून बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडते, आणि आठवड्यातून एकदा पाचट उचलून खाली डोकावते.

खडी किंवा दगड कुंडीत घालू नका. दिसायला छान, पण तापले की रात्री उशिरापर्यंत मुळांना भाजतात. काळ्या प्लॅस्टिकचंही तेच.

पाणी केव्हा, कुठे आणि किती

वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आत. जमत नसेल तर सूर्य मावळल्यावर तासाभरानं, कारण गच्चीचा स्लॅब तोपर्यंत तव्यासारखाच असतो.

कुंडीला पाणी हवं का, हे पानांवरून ओळखायला जाऊ नका. जास्वंद, भोपळा, वांगं दुपारी दोनला मान टाकतात, कारण पानांतून उडणाऱ्या पाण्याच्या वेगानं मुळांना ओढता येत नाही. माती ओली असली तरी ती टाकतातच. संध्याकाळी सातला बघा, परत ताठ झाली असतील तर पाण्याची गरज नाही. पहाटेसुद्धा मलूल असतील तर मात्र ताबडतोब द्या. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे बोट. मातीत दोन पेरं खुपसा. टोकाला गारवा लागला तर आज सुट्टी.

पाणी एका दमात ओतू नका. अर्धा तांब्या घाला, सगळ्या कुंड्या फिरून या, मग उरलेला अर्धा. पहिल्या पाण्यानं माती फुलते आणि दुसरं तिच्यात थांबतं. खालच्या थाळीत पाणी आलं तर ते शेजारच्या कुंडीत घाला, पुढच्या वेळी माप कमी करा.

कुंडीची माती पार वाळून कडेनं सुटली असेल, तर वरून कितीही ओता, पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि आतला गोळा कोरडाच. मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असेल तर हमखास. अशी कुंडी अख्खी बादलीत बुडवून ठेवा. आधी बुडबुडे येतात. ते थांबले की, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, उचलून निथळू द्या. बादलीतलं पाणी पुढच्या कुंडीला.

अंगणातल्या झाडांना बुंध्यापाशी पाणी घालणं ही सवय आधी मोडा. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या सावलीच्या कडेला असतात. लिंबासाठी दुहेरी आळं करा. बुंध्याभोवती मातीची एक बांगडी, सावलीच्या कडेबाहेर दुसरी, आणि पाणी दोन्हींच्या मधल्या चरात. बुंधा कोरडा राहतो, म्हणून डिंक्याचा रोगही लागत नाही. माझ्या सात वर्षांच्या लिंबाला असं आठवड्याला दोनदा 20-20 लिटर दिलं की ते पानं गाळत नाही. वरून आच्छादन आहेच.

मडकी आणि सुगडं

पाणी कमी आणि माणूस घाईत, अशा घराला याहून चांगली युक्ती नाही. बिनमिन्याच्या मातीच्या भांड्याला बारीक छिद्रं असतात. ते जमिनीत पुरून पाणी भरलं की आजूबाजूची माती कोरडी होईल तसं पाणी ओढून घेते, आणि ओली असली की पाझर मंदावतो. माती स्वतःच मागून घेते, आपण अंदाज करायचा नाही.

कुंभाराकडून 5-6 लिटरचा साधा, रंग न दिलेला माठ आणा. संध्याकाळी भरून ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर आणि हाताला गार लागला तर कामाचा. घरातला जुना माठ पाणी गार करत नाही म्हणून बागेत पुरायचा मोह होतो, पण त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. जो गार करत नाही तो पाझरतही नाही. सावलीच्या कडेवर, झाडाच्या दोन बाजूंना, दोन माठ गळ्यापर्यंत पुरा. भोवतीची माती चिखल करून दाबून बसवा, कारण पोकळी राहिली की पाझर तुटतो. तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा. उघडं ठेवलंत तर पाणी उडेल आणि डास होतील. एप्रिलमध्ये माझा 6 लिटरचा माठ तिसऱ्या दिवशी तळाला जातो. पूर्ण रिकामा होऊ देत नाही, तिसरा हिस्सा उरला की भरते.

कुंड्यांसाठी माठ मोठा होतो. तिथे संक्रांतीची सुगडं. वाण लुटून झालं की घराघरांत ती माळ्यावर पडून असतात, पुष्कळजणी तर देऊन टाकतात. पाव लिटरच्या आसपास मावतं. मध्यभागी नको, कुंडीच्या काठाशी, गळ्यापर्यंत पुरा, वर दिवाळीतली पणती पालथी घाला. झाकण अगदी बेताचं बसतं. हल्ली सुगडांना चकचकीत ऑइलपेंट लावतात, ती पाझरत नाहीत. नुसता गेरू लावलेली किंवा साधी काळी-तांबडी घ्या. कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीत मी दोन पुरलीत आणि त्या कुंडीला वरून पाणी घालणं जवळजवळ बंद झालंय.

गावाला जायचं असेल तर बादली आणि वात. भरलेली बादली विटांवर उंच ठेवा, जुन्या सुती साडीची बोटभर जाड पिळलेली पट्टी आधी पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं आत. नायलॉन चालत नाही. जायच्या आधी दोन दिवस चालवून बघा, कारण एखादी वात बेतानं पाझरते आणि एखादी रात्रीत बादली रिकामी करते.

सलाईनची नळीही चालते, मात्र औषधाच्या दुकानातून नवी आणा, दवाखान्याच्या कचऱ्यातली नको. त्या नळीचे साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. मिनिटाला 10 थेंब लावले तर तासाला 30 मिली, दिवसाला पाऊण लिटरच्या आत. पाणी फडक्यातून गाळून भरा, नाहीतर कचऱ्यानं नळी तुंबते. पंचवीसच्या वर कुंड्या असतील तर सरळ 200 लिटरचं पिंप उंचावर ठेवून ठिबकच्या नळ्या जोडा.

कुठलं वापरलेलं पाणी चालतं

भाजी-तांदळाचं पाणी डोळे मिटून घाला. मीठ न घालता उकडलेल्या बटाट्याचं किंवा डाळीचं पाणी गार करून चालतं. मीठ घातलेलं एक थेंब नको.

आरओच्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. यंत्र दोन भाग फेकून एक भाग देत असेल तर क्षार सुमारे दीडपट होतात. बोअरचं पाणी 800 टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) असेल तर टाकाऊ पाणी 1200 च्या आसपास जाईल. छोटं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं, एक घेऊन टाका. 1000 च्या आत बहुतेक झाडं कुरकुर करत नाहीत. त्याच्या वर असेल तर निम्मं भाजीचं पाणी मिसळा, आणि 2000 च्या वर गेलं तर फरशी पुसायला वापरा. कुंडीच्या काठावर पांढरा थर येऊ लागला की क्षार साचतायत असं समजा आणि ती कुंडी काही दिवस भाजीच्या पाण्यावर ठेवा.

एसीच्या नळीतलं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं, आरओच्या पाण्यात मिसळायला उत्तम. पण ते हवेतल्या दमटपणातून येतं. मुंबई-गोव्यात बादली भरेल, लातूरच्या कोरड्या हवेत तांब्याभर मिळालं तरी नशीब. इकडे घरोघरी कूलर, आणि कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी फसवं असतं. पाणी उडत राहतं, क्षार मागे साठतात. ते झाडांना नको.

कपड्यांच्या यंत्राचं फक्त शेवटच्या खळबळण्याचं पाणी घ्या. पहिल्या धुण्याचं मी एकदा कढीपत्त्याला सलग आठवडाभर घातलं, पानांची टोकं करपून तपकिरी झाली. धुण्याच्या पावडरीत सोडियम असतं आणि काळ्या मातीत ते साठलं की माती दगडासारखी बसते, पाणी मुरतच नाही. अंघोळीचं पाणी केळ, कर्दळ, नारळ, शेवगा यांना आलटून पालटून द्या, कुंड्यांना आणि पालेभाजीला नाही. वापरलेलं पाणी साठवू मात्र नका, त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी वास येतो.

ऊन अडवा

कुंड्या भिंतीला रांगेनं लावलेल्या असतात, ती रांग मोडा. सगळ्या एकत्र, खेटून, उंच झाडं पश्चिमेला आणि लहान मध्ये. एकमेकांच्या सावलीत माती कमी तापते. खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या घाला, स्लॅबला थेट टेकू देऊ नका. मातीची कुंडी बाजूंनीही पाणी गमावते, तेव्हा लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरा आणि तीच वाळू ओली ठेवा.

वर 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा, झाडांच्या शेंड्यापासून दोन-तीन फूट उंच, म्हणजे वारा खेळेल. पश्चिमेच्या बाजूनं खाली लोंबती सोडा, कारण तीन ते पाचचं ऊन सगळ्यात वाईट. जाळी नसेल तर जुनी सुती साडी.

शेतीत पानांवर केओलिन या पांढऱ्या मातीचा 8 टक्क्यांचा फवारा सांगतात, त्यानं ऊन परावर्तित होतं. घरच्या दहा-वीस कुंड्यांसाठी मी ती उठाठेव करणार नाही. मातीत मिसळायच्या, पाणी पिऊन फुगणाऱ्या हायड्रोजेलचंही असंच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेलं पुसा हायड्रोजेल शेतात उपयोगी आहे, पण ते दिलेलं पाणी धरून ठेवतं, नवं आणत नाही, आणि क्षारयुक्त पाण्यात कमी फुगतं. तेवढे पैसे जाळीत घाला.

एप्रिल-मेमध्ये खत, विशेषतः युरिया, अजिबात नको. नवी कोवळी पालवी फुटली की पाण्याची मागणी वाढते. कुंडी बदलणं, मोठी छाटणी, नर्सरीतून नवं रोप आणणं, सगळं मृगानंतर.

वळीव आला की

एप्रिल-मेमध्ये एखादी संध्याकाळ अचानक अंधारून येते. त्या दिवशी पिंप कुठे आहे ते शोधत बसू नका, मार्चमध्येच गच्चीच्या पन्हाळीखाली लावून ठेवा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिमी पडला तर 500 लिटर, त्यातलं 400 तरी हाती लागतं. पहिली पाच-दहा मिनिटं धूळ वाहून जाऊ द्या, मग पन्हाळीला फडकं बांधून भरून घ्या. पिंपाचं तोंडही फडक्यानं घट्ट बांधा, आणि आठवड्याला एकदा पूर्ण रिकामं करून घासा, डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच होतो.

खरा पाऊस लागला की थाळ्या काढा आणि कुंड्या दोन-तीन सरींत उघड्यावर भिजू द्या, म्हणजे उन्हाळाभर साचलेले क्षार धुऊन जातात. जाळी एकदम काढू नका. आधी पश्चिमेची बाजू वर करा, आठवड्यानं उरलेली. आच्छादन तसंच राहू द्या, जुलैपर्यंत त्याचं खत होतं.

पुरलेली सुगडं धुवायला म्हणून उपसायला जाऊ नका. मी एकदा ओढून बघितलं, बारीक पांढऱ्या मुळांनी त्याला जाळी विणल्यासारखं धरून ठेवलं होतं. तसंच परत दाबलं आणि वर पणती घातली.